पाण्यावरचा मोहल्ला

ब्रह्मपुरीच्या बाजारात कोणी ओळखीचं भेटलं आणि 'मास्तर, पोरगा कुठं असते आता?' असं विचारलं, की आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो. पुणे, नागपूर, दुबई असं एखादं नाव सांगता आलं असतं तर सोपं झालं असतं. पण खरं उत्तर असं आहे की तो एका ठिकाणी राहत नाही. तो, आमची सून आणि आठ वर्षांची नात एका शिडाच्या नौकेवर राहतात. नौका जिथं नांगर टाकेल तिथं त्यांचं घर. हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. 'म्हणजे जहाजावर नोकरी लागली?' नाही, नोकरी होती ती सोडली. 'मग तिथं करते काय?' संसार करतो. यावर विचारणारा माणूस जरा थांबतो आणि आवाज उतरवून म्हणतो, 'अल्लाह रहम करे.' जणू घरात कोणी आजारी आहे.

त्याचा दोष नाही. दोन वर्षं आम्हीही असंच म्हणत होतो.

हे आम्ही दोघांनी मिळून लिहिलेलं आहे, म्हणून 'आम्ही' लिहितो. आमच्यातला एक बाणकोटचा, सावित्रीच्या खाडीच्या तोंडावरचा. दुसरी ब्रह्मपुरीची, वैनगंगेच्या काठच्या मुलखातली. एक शाफई, दुसरी हनफी. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली तरी असरची वेळ झाली की नाही यावर घरात अजून वाद होतो. एकाची असर आधी होते, दुसरीची नंतर. भाषेचंही तसंच. बाणकोटवाल्याच्या घरी कोकणी वळणाची मराठी, ब्रह्मपुरीवालीच्या घरी आत उर्दू आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की झाडीबोली. लग्नानंतर बाणकोटची दादी पहिल्यांदा ब्रह्मपुरीला आली, तेव्हा इथल्या बायका एकमेकींत कुजबुजल्या, 'सासू मुसलमान आहे ना? मग ही मराठी काहून बोलते?' आणि दादी मुलाला विचारत होती, 'इथं समुद्र कुठल्या बाजूला?' समुद्र कुठल्याच बाजूला नाही, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. ज्या गावाला समुद्र नाही त्या गावात माणसं तोंड कुठं करून बसतात, असं ती म्हणायची.

समुद्र नाही म्हणूनच तर बाणकोटवाला इथं आला होता. ती हकीगत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बाणकोट, दाभोळ, हर्णै, जैतापूर या बंदरांतल्या मुसलमान घरांत पूर्वी दर्या हाच धंदा. कोणी नाखवा, कोणी तांडेल, बाकी खलाशी. शिवरायांच्या आरमारात दौलतखान होता, हे शाळेत शिकायच्या आधी आमच्या पोरांना घरी ठाऊक असायचं. अब्बा एका फत्तेमारीवर तांडेल होते. नारळी पौर्णिमेला समुद्र उघडायचा. नारळ खारवी सोडत आणि त्याच दिवशी मशिदीत आमच्या लोकांची दुआ होई. दोघांची गलबतं एकाच वाऱ्याने निघायची. नारळ, कौलं, लाकूड, सुकी मासळी असा माल मुंबईला जायचा. पहाटे खाडीतून बाहेर काढणारा मतलई वारा, दुपारी उलटा फिरणारा खारा वारा, या दोघांच्या मर्जीवर सगळं गणित. वारा लागला तर दोन दिवसांत मुंबई, नाही लागला तर आठवडा.

१९६३ च्या सुमाराला, नऊ वर्षांचा असताना, अब्बांनी आमच्यातल्या एकाला एका खेपेला बरोबर नेलं. गलबतावर दहा-बारा माणसं. दोन चाचा, एक मामू, तीन-चार मोहल्ल्यातलेच, दोघं खारवी. रांधायला भंडारी. मातीने लिंपलेल्या लाकडी पेटीत चूल. गोडं पाणी एका मोठ्या पिंपात. अब्बांनी पोराच्या हातात एक करवंटी दिली आणि सांगितलं, 'पाणी तू द्यायचंस. प्रत्येकाला सकाळी दोन, दुपारी दोन, रात्री एक. मला पण तेवढंच. जास्त मागेल त्याला नाही म्हणायचं.' नऊ वर्षांच्या पोराने दाढीवाल्या चाचांना 'नाही' म्हणायचं! दुसऱ्या दिवशी वारा पडला, शीड लोंबकळत राहिलं, ऊन तापलं. मोठ्या चाचांनी तिसरी करवंटी मागितली. पोराने अब्बांकडे बघितलं. अब्बा मुद्दाम सुकाणूकडे तोंड करून बसलेले. पोराने नाही म्हटलं. चाचा हसले, ओठांवरून जीभ फिरवली आणि गप्प बसले. नंतर अब्बा एवढंच म्हणाले, 'गलबतावर रिकामा माणूस नसतो. रिकामा असतो तो माल.'

तीन वर्षांनी तेच मोठे चाचा पावसाळ्याच्या तोंडावर शेवटच्या खेपेला गेले आणि गलबतासकट परत आले नाहीत. चाची कितीतरी दिवस खाडीत शिरणाऱ्या प्रत्येक गलबताला काठावरून हाक घालून विचारायची. गलबतवाले मान हलवायचे. त्या वर्षी अब्बांनी दर्या सोडला आणि मुलांना कसम घातली की यापुढे या घरातला कोणी पाण्यावर पोट भरणार नाही. तसंही ते दिवस सरतच आले होते. गलबतांना इंजिनं बसली, महामार्गावर ट्रक धावू लागले, माणसं आखाताला गेली. आमच्यातल्या एकाने बी.ए., बी.एड. केलं. १९७८ साली ब्रह्मपुरीच्या एका शाळेत भूगोलाच्या शिक्षकाची जागा निघाली, तेव्हा नकाशा उघडून बघितलं. कोकणचा किनारा पार डाव्या काठावर आणि ब्रह्मपुरी पार उजवीकडे. अब्बांनी बोट ठेवून अंतर मोजलं आणि म्हणाले, 'जा.'

पण पाणी टळलं नाही. ब्रह्मपुरीहून आरमोरीकडे निघालं की वैनगंगा लागते. नदीच्या अलीकडे चंद्रपूर, पलीकडे गडचिरोली. १९८२ पर्यंत तर हा सगळा एकच जिल्हा होता. ब्रह्मपुरीवालीचे अब्बा बांगड्यांचे व्यापारी. व्यापारी म्हणजे काय, डोक्यावर पाटी आणि आठवड्याचे सात बाजार. काही बाजार नदीपलीकडे. तिकडे जायचं तर डोंगा. डोंगा ढिवरांचा. त्याचं भाडं त्या काळी रोख नव्हतं. धान निघालं की शेतकरी पायलीने धान देत, आणि बांगडीवाला वर्षातून एकदा डोंगेवाल्याच्या बायकोला, लेकींना मनगटभर बांगड्या भरून देई. घरात मुलगा नव्हता, म्हणून थोरली मुलगी पाटीला हात लावायला बरोबर जायची. तिला डोंग्यात एक डबा दिलेला होता. तळाशी झिरपून येणारं पाणी उपसून बाहेर टाकायचं. डोंगेवाला बांबू टेकवत ओरडायचा, 'हालू नका जी, डोंगा लचकते!' मग पाटील असो, कोतवाल असो, बाजारातून बकरी घेऊन आलेली गोंडीण असो, सगळे श्वास धरून बसायचे. कोणाचा गुडघा कोणाच्या पाठीला लागतो आहे हे तेवढ्या वेळापुरतं कोणी बघायचं नाही. काठाला लागलं की पुन्हा ज्याचं त्याचं. पण पाणी उपसणारी पोरगी सगळ्यांना माहीत. बाजारात हाक मारून कोणी चिवडा द्यायचं, कोणी बोरं.

म्हणजे आमच्यातला एक करवंटीने पाणी वाटत मोठा झाला आणि दुसरी डब्याने पाणी उपसत. हे आम्हाला स्वतःलाच फार उशिरा ध्यानात आलं.

आमचा मुलगा पुण्यात संगणकाच्या कंपनीत होता. चांगली नोकरी, हप्त्यांवर घेतलेला फ्लॅट. सून शिकवायची. दोघं सकाळी आठला बाहेर, रात्री नऊला घरी. नात पाळणाघरात. टाळेबंदीच्या काळात तिघं पहिल्यांदा एका घरात दिवसभर एकत्र राहिले. त्यातून काय सुरू झालं ते आम्हाला नीट कळलं नाही, पण २०२२ मध्ये त्यांनी फ्लॅट विकला आणि मलेशियातल्या लंगकावी बेटावर एक जुनी, अडतीस फुटी शिडाची नौका विकत घेतली. गोव्यात त्याने आधी नौका हाकायचं शिकून घेतलं होतं, आम्हाला न सांगता. सांगितलं असतं तर आजोबांची कसम आडवी आली असती.

फोनवर तो आम्हाला उदाहरणं द्यायचा. दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून 'म्हादेई'वर एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आले. ती नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली. पुढे त्यांनीच बांधलेल्या 'तारिणी'वर नौदलाच्या सहा महिला अधिकारी सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ जगाला वळसा घालून आल्या. नौदलातल्या एका निवृत्त अधिकाऱ्याने तर बायको आणि मुलीसह आमच्या मुलासारखाच नौकेवर संसार मांडला आहे. आम्ही म्हणायचो, बाबा रे, ते नौदलाचे लोक. त्यांच्या मागे सरकार आहे. तुझ्या मागे कोण आहे? तो म्हणायचा, 'शेजारी आहेत.' आम्हाला वाटायचं, चेष्टा करतो. समुद्रात कसले शेजारी?

भूगोलाच्या मास्तरच्या नातीला शाळा नाही, हे तर फारच लागायचं. सून म्हणायची, मी शिकवते, पुढे मुक्त विद्यालयाची परीक्षा देईल. आमचं म्हणणं, शाळा म्हणजे काय नुसतं पुस्तक? चार मुलांत बसणं, भांडणं, डबा वाटून खाणं, हे कुठून आणणार? ब्रह्मपुरीत घर मोठं आहे, आम्ही दोघंच आहोत, शाळा-कॉलेजांचं गाव आहे. पोरीला इथं ठेवा, तुम्ही फिरा. हे आम्ही प्रत्येक फोनला बोलायचो. शेवटी मुलाने फोन कमी केले.

भीती होती ती वेगळीच. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्द धरणाचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडले तेव्हा वैनगंगा काय करू शकते ते आम्ही बघितलं होतं. आमच्या तालुक्यातलं लाडज हे गाव चहूबाजूंनी नदीने वेढलेलं. एरवीही जाणं-येणं डोंग्याने. पुरात ते पाण्यातच गेलं, माणसं बोटींनी बाहेर काढावी लागली. मग २३ जानेवारी २०२४ ला चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ मिरची तोडायला नदीपलीकडे निघालेल्या मजूर बायकांचा डोंगा उलटला. सहा जणी गेल्या. ती बातमी आली त्या दिवशी ब्रह्मपुरीवाली जेवली नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, 'त्या डोंग्यात पाणी उपसायला कोणी पोरगी असेल का?' आणि रात्री म्हणाली, 'तिकिटं काढा. नातीला घेऊन यायचं.'

डिसेंबर २०२३ पासून मलेशियाने भारतीयांना व्हिसाशिवाय तीस दिवस येऊ द्यायला सुरुवात केली होती. मार्चमध्ये, रमजान सुरू झाल्यावर आम्ही निघालो. मुलाला सांगितलं, भेटायला येतो आहोत. खरं कारण सांगितलं नाही. आमच्या बॅगेत नातीसाठी शाळेचा नवा गणवेश होता. शाळेशी बोलणंही करून ठेवलं होतं.

लंगकावीच्या मुख्य गावाचं नाव कुआ. धक्क्याजवळ गरुडाचा एक प्रचंड पुतळा आहे. मुलगा हवा भरलेल्या छोट्या रबरी होडीतून घ्यायला आला. तिला छोटं इंजिन होतं. खाडीत पन्नासेक नौका नांगर टाकून उभ्या. त्यांच्यामधून जाताना तो सगळ्यांना हात करत होता आणि एकेका नौकेवरून आवाज येत होता. कोणी 'सलाम' म्हणत होतं, कोणी 'पेरेंट्स?' असं ओरडून विचारत होतं. एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईने तर होडी थांबवायला लावली आणि ब्रह्मपुरीवालीच्या हातात केकचा डबा ठेवला. कालच कळलं होतं म्हणे तिला, आम्ही येणार ते.

अडतीस फूट ऐकायला पुष्कळ वाटतं. आत शिरलं की आपल्या न्हाणीघराएवढी बैठक, तीन पावलांचं स्वयंपाकघर, टोकाला कपाटासारख्या दोन खोल्या. गॅसची शेगडी झुलती, म्हणजे नौका कलली तरी भांडं सरळ राहतं. विजेसाठी छतावर सौर तावदानं. पाण्याच्या टाक्या चारशे लिटरच्या, त्यात तिघांनी दोन-तीन आठवडे काढायचे. पहिल्याच दिवशी बाणकोटवाल्याने वजूसाठी नळ सोडला आणि नात धावत आली. 'दादा, नळ नाही! हा मग. एक मग एका वजूचा.' बाणकोटवाला तिच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, 'आणि मला जास्त लागलं तर?' ती म्हणाली, 'नाही मिळणार.' तो मग घेऊन जो बाहेर जाऊन बसला तो बराच वेळ आत आला नाही.

नमाजाची वेगळीच अडचण. नांगरावरची नौका एका जागी स्थिर नसते. वारा आणि भरती-ओहोटी जसे फिरतील तसं तिचं तोंड फिरतं. लंगकावीहून किबला पश्चिमेला, थोडा उत्तरेकडे. नीयत बांधली तेव्हा किबला समोर होता, दुसऱ्या रकातीला उजव्या खांद्यावर गेला. पुस्तकात वाचलेलं होतं, की जहाज फिरलं तर नमाजी माणसानेही फिरावं. पण वाचणं वेगळं. सुनेने होकायंत्र जानमाजसमोर ठेवून दिलं. शाफई आणि हनफी दोघंही हळूहळू फिरत नमाज पढत होते. मलेशियात सगळे शाफई. त्यामुळे असरची वेळ झाली की नाही या वादात बाणकोटवाल्याचं पारडं आयुष्यात पहिल्यांदा जड झालं. दुपारी कुआच्या मशिदीतून तांदळाची मसालेदार पेज वाटतात, तिला ते बुबुर लांबुक म्हणतात. मुलगा डबा भरून आणायचा. आपल्याकडे मोहल्ल्यात रमजानमध्ये हलीम, खिचडा वाटतात, तसंच.

आठ दिवसांत आम्हाला मोहल्ला कळला. रोज सकाळी ठरलेल्या वेळी वायरलेसवर सगळ्या नौका एकत्र येतात. आधी कोणाला दुखलंखुपलं का, मग हवा कशी आहे, मग कोणाकडे काय जास्त आहे आणि कोणाला काय हवं. वायरलेसचा सोळा नंबर मात्र नेहमी मोकळा ठेवायचा, तो संकटाच्या हाकेसाठी. त्यावर फक्त हाक मारायची आणि बोलायला दुसऱ्या नंबरवर जायचं. शेजारी एक तुर्की जोडपं, पलीकडे तीन मुलं असलेलं न्यूझीलंडचं कुटुंब, आणि एक फ्रेंच म्हातारा, पंचाहत्तरीचा, एकटा. न्यूझीलंडची बाई आमच्या नातीला आणि आपल्या मुलांना विज्ञान शिकवायची, आमची सून त्या सगळ्यांना गणित. भरतीच्या तक्त्यावरून वजाबाकी, नकाशावरून अक्षांश-रेखांश. आयुष्यभर अक्षांश-रेखांश शिकवले, पण आमच्या एकाही विद्यार्थ्याला ते कधी लागले नाहीत. इथं पोरं त्यावर आपलं घर शोधत होती. डबा वाटून खाणं म्हणाल तर तेही होतं, आणि भांडणंही. तुर्की जोडपं आणि फ्रेंच म्हातारा एकमेकांशी बोलत नव्हते. नांगर कोणी कोणाच्या जवळ टाकला यावरून. आपल्याकडे धुऱ्यावरून भांडतात तसं.

हे सगळं बघूनही आम्ही बोलायचं ठरवलंच होतं. गणवेश बॅगेतच होता. तेराव्या रोजाला, इफ्तारनंतर विषय काढायचा असं ठरलं. त्या दिवशी तुर्की जोडपं खजूर आणि सूप घेऊन आलं होतं. साडेसातच्या सुमाराला पाण्यावरून अजान आली, रोजा उघडला. ते गेल्यावर आम्ही विषय काढला. सून काही बोलली नाही. मुलगा म्हणाला, 'अम्मी, सकाळी बोलू.' नातीने ऐकलं होतं की नाही ते कळलं नाही.

सकाळ व्हायच्या आधीच, सहेरीला उठायच्या सुमाराला ते आलं. मलाक्काच्या सामुद्रधुनीत पहाटे अचानक उठणारी वादळं असतात, त्यांना तिकडे 'सुमात्रा' म्हणतात. आधी एक गार झुळूक, मग काळोखात पांढरी रेघ, आणि मग वारा असा आला की नौका आडवी होते की काय वाटलं. आम्ही दोघं खोलीत एकमेकांना धरून कलमा पढत बसलो. वर मुलाचा आवाज, साखळीचा खडखडाट. त्या आवाजात एक बारीक, स्पष्ट आवाज येत राहिला. 'चार दोन. चार दोन. चार एक. चार दोन.' दार ढकलून बघितलं तर नात लाइफ जॅकेट घालून, पट्ट्याने स्वतःला अडकवून यंत्रापुढे बसली होती आणि पाण्याची खोली मोठ्याने वाचत होती. चार मीटर दोन दशांश. आकडा झपाट्याने कमी झाला तर समजायचं की नांगर सुटला आणि आपण किनाऱ्याकडे ओढले जातो आहोत. काळोखात, पावसात बापाला ते डोळ्यांनी कळत नाही. तो तिच्या आवाजावर इंजिन कमी-जास्त करत होता.

आमचा नांगर टिकला. फ्रेंच म्हाताऱ्याचा सुटला. त्याची नौका घसरत तुर्कांच्या नौकेकडे निघाली. वायरलेसवर सोळा नंबरला हाक आली आणि आम्ही बघितलं, चार-पाच नौकांवरून बॅटऱ्या पेटल्या, रबरी होड्या पाण्यात पडल्या. त्यात सगळ्यात पुढे तुर्क. मुलगा जायला निघाला तेव्हा त्याने बाणकोटवाल्याला सुकाणूवर बसवलं. म्हणाला, 'अब्बा, ती आकडा सांगेल. तीनच्या खाली गेला की मला हाक मारा.' सून पुढे साखळीपाशी. ब्रह्मपुरीवाली काय करणार? तिने बघितलं, बसायच्या जागी पाणी साचत होतं, वाट तुंबली होती. एक डबा दिसला. तिने पाणी उपसायला घेतलं.

अर्ध्या तासात वारा गेला. चार होड्यांनी म्हाताऱ्याची नौका रेटून बाजूला नेली, दोरांनी बांधली. कोणाचंच काही फुटलं नाही. हदीसमध्ये जहाजाचा एक दाखला आहे. खालच्या मजल्यावरचे लोक पाण्यासाठी तळाला भोक पाडायला निघतात. वरच्यांनी त्यांना रोखलं तर सगळे वाचतात, आपल्याला काय त्याचं म्हणून सोडून दिलं तर सगळे बुडतात. लहानपणापासून किती वाजांत ऐकलेला. त्या पहाटे तुर्काला आपल्याशी न बोलणाऱ्या माणसाच्या नौकेवर चढून दोर ओढताना बघितलं, तेव्हा तो दाखला आम्हाला नव्याने ऐकल्यासारखा झाला.

त्या दिवशी सहेरी पाण्याच्या घोटावर झाली. उजाडल्यावर मुलगा आमच्यासमोर येऊन बसला. म्हणाला, 'बोला अम्मी, काय म्हणत होता.' ब्रह्मपुरीवालीने नातीकडे बघितलं. ती ओल्या केसांनी तिथंच झोपली होती. 'हिला नेलं,' ती म्हणाली, 'तर आकडा कोण वाचेल?'

आम्ही नातीला न घेता परत आलो. गणवेश परत आला. येताना ब्रह्मपुरीवालीने न्यूझीलंडच्या पोरींना आणि नातीला बांगड्या भरल्या. काचेच्या बांगड्या ती नेहमीच्या सवयीने घेऊन गेली होती. फ्रेंच म्हाताऱ्याने मुलींची मनगटं बघितली आणि आपलंही पुढे केलं. एवढ्या मोठ्या मापाची बांगडी नव्हती.

भीती गेली असं आम्ही म्हणणार नाही. चाचींनी खाडीवर उभं राहून घातलेल्या हाका अजून कानात आहेत आणि गणपूरच्या त्या सहा बायकांच्या घरी काय झालं असेल ते आम्ही विसरलेलो नाही. नौका असो की डोंगा, पाणी कोणाला सोडत नाही. अब्बांची कसम मोडली याचं ओझं आहेच. पण अब्बांनी कसम घालण्याच्या आधी करवंटीही दिली होती, आणि ती नऊ वर्षांच्या पोराच्या हातात दिली होती. आमच्या मोठ्या घरात आम्ही नातीला झोपाळा देणार होतो, सायकल देणार होतो, वेगळी खोली देणार होतो. तिला तिथं जे मिळालं आहे ते आमच्याकडे द्यायला नव्हतं. इथं तिच्यावाचून कोणाचं अडलं नसतं.

हल्ली रोज सकाळी नातीचा संदेश येतो. अक्षांश, रेखांश आणि खाली पाण्याची खोली. बाणकोटवाला जुना शालेय नकाशा टेबलावर पसरून पेन्सिलीने टिंब काढतो. ब्रह्मपुरीवाली चष्मा लावून खोलीचा आकडा मोठ्याने वाचते. तीनच्या वर असला की चहा टाकते.

परवा बाजारात पुन्हा कोणीतरी विचारलं, 'पोरगा कुठं असते जी?' आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. सांगितलं, 'पाण्यावर आहे. शेजार चांगला आहे.'